जामीनदार दाजींना तोंड कसं दाखवू?

पोळीवाली_ऐरोली:
नमस्कार. ऐरोलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. २०२३ मध्ये पतपेढीतून ४ लाख काढले, ५ वर्षं मुदत, १४ टक्के, हप्ता ९,३०० च्या घरात. जामीनदार दोन. एक शेजारी, ते आता गावी गेलेत. दुसरे आक्काचे यजमान. दाजी महापालिकेत, पगार पक्का, म्हणून त्यांची सही. १९ हप्ते बिनचूक भरले. मग समोरच्या आयटी कंपनीने दोन मजले सोडले, सव्वाशे डब्यांचे चाळीस झाले, त्यात ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन.

हे सगळं खरंय. पण ११ महिन्यांत एक रुपया भरला नाही, आणि त्यातले सहा महिने तरी चार-पाच हजार भरता आले असते. हे आक्कालाही सांगितलेलं नाही. भिशीचे ५,००० मात्र दर महिन्याला दिले. भिशी बुडवली की गल्लीत बोभाटा, पतपेढीचं कोण बघतंय!

दाजींचा फोन यायचा तेव्हा मोबाइल पिठाच्या डब्यावर असायचा. थरथरला की झाकणावरचं पीठ हळूहळू कडेला सरकायचं. फोन थांबेपर्यंत मी ते बघत बसायचे. पुढे पुढे मोबाइल पालथाच ठेवायला लागले.

गेल्या आठवड्यात दाजींना नोटीस गेली, साडेतीन लाखांच्या आसपास. बोलले काही नाहीत, नुसता नोटिशीचा फोटो पाठवला. काय उत्तर देऊ? परिस्थिती समजावून सांगितली तर ऐकतील का?

जुना_वसुलीवाला:
ताई, पंचवीस वर्षं पतपेढीत काढली, म्हणून आधी कामाचं. नोटीस कोणाची ते बघा. संस्थेची असेल तर अजून वेळ आहे. उपनिबंधक कार्यालयाची असेल तर कलम १०१ चं, म्हणजे थकबाकी वसुलीचं प्रकरण दाखल झालंय (महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०), तारखेला स्वतः हजर राहा. वसुली दाखला निघाला की पगारावर जप्ती येऊ शकते, आणि वसुली अधिकारी आधी पक्का पगार बघतो, तुमचा तवा नाही. 'आधी कर्जदाराला धरा' असं जामीनदाराला साधारणपणे म्हणता येत नाही. करार कायदा १८७२, कलम १२८: कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच त्याची. दाजींनी भरले तर ते तुमच्याकडून वसूल करू शकतात, पण मेव्हणीवर दावा कोण लावतंय?

लगेच जा, पण रिकाम्या हाताने नको. दोन-पाच हजार भरा, पावती घ्या, मग हप्ते लहान करून मुदत वाढवण्याचा अर्ज द्या. आवकचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. पतपेढीत तुमचे शेअर्स किती जमलेत तेही विचारा.

कळवेकर:
मी राहिलोय जामीन, मित्राच्या कर्जाला. कपात सुरू झालेली मला पगाराच्या स्लिपवरून कळली, आणि ती स्लिप आधी बायकोच्या हाती लागली. पुढच्याच महिन्यात एका लग्नात मित्र माझ्यासमोर पंगतीला बसला आणि वाढप्याला म्हणाला, 'ह्यांना जिलेबी वाढा.' त्याचे हाल चाललेत हे मला माहीत होतं हो. 'या महिन्यात जमत नाही, कपात होईल' एवढा फोन केला असता तर मी घरी तरी आधी सांगितलं असतं. ताई, दाजींना परिस्थिती नका सांगू. आकडा सांगा.

सानपाडा_१३:
भिशीचा नंबर लागलाय की लागायचाय?

पोळीवाली_ऐरोली:
लागायचाय. शेवटच्या दोघी उरलोय, ६० हजार.

काल कोपरखैरण्याला जाऊन आले. ऐरोलीहून तिसरं स्टेशन, पण रबाळ्याला उतरले आणि एक गाडी सोडून दिली. दाजी दारात बुटांना पॉलिश करत होते. उभ्या उभ्याच सांगितलं: ११ महिने, भिशी, भरता आले असते ते सहा महिने. आक्का आत गेली. चहा आला नाही.

दाजींनी एवढंच विचारलं, "फोन वाजायचा तेव्हा तू तिथंच असायचीस?" हो म्हटलं. त्यांनी दुसरा बूट घेतला.

नोटीस संस्थेचीच आहे. उद्या ५,००० भरते. भिशी लागली की ते ६० हजार थेट कर्जात, तोवर महिन्याला जमेल तेवढे. दाजी सोबत येणार नाहीत. वसुलीवाले काका, मुदतवाढीच्या अर्जाचा नमुना असेल तर टाका ना. सकाळी दहाला पतपेढी उघडते.