वूफरच्या आधी टेबलाची जागा बघा

टेबलावर ठेवून गाणं ऐकायला कोणते स्पीकर घ्यावेत, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की वूफरशिवाय (खालचे, जाड आवाज देणारा वेगळा मोठा स्पीकर) तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही, म्हणून २.१ सेटच (दोन स्पीकर आणि एक वूफर) घ्या. मला पटत नाही. मुठीएवढ्या स्पीकरच्या बाबतीत खरं आहे, पण ४ इंची कोनची (स्पीकरचा थरथरणारा पडदा) चांगली जोडी खाली साधारण ६० हर्ट्झच्या जाड आवाजापर्यंत उतरते, डग्ग्याला तेवढं पुरतं. स्वस्त सेटमधला वूफर उलट प्रत्येक बोलाला एकच धप्प आवाज देतो, डग्ग्यावरचा घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) त्यात पार हरवतो.

जागेबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. परभणीच्या आमच्या घरात टेबल कोपऱ्यात, स्पीकर भिंतीला चिकटलेले. आवाज नुसता घुमायचा, कारण भिंत आणि त्यातही कोपरा खर्ज, म्हणजे खालचे जाड आवाज, फुगवतो. टेबल हातभर पुढे ओढलं, स्पीकरच्या पुढच्या कडेखाली शहाबादीचा तुकडा सरकवून ट्वीटर (बारीक, उंच आवाज देणारा छोटा स्पीकर) कानाच्या रोखाने वर केला. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच माझ्यापासून प्रत्येकाचं ठेवलं. खोलीत नुसती फरशी आणि उघड्या भिंती, आवाज आदळून परत यायचा, म्हणून समोर आजीची जुनी वाकळ टांगली. त्या रात्री तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणझणता गुंजारव) पहिल्यांदा सुटी, स्वच्छ ऐकू आली. आणि हो, खोक्यावरचे पीएमपीओ वॉट (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) बघू नका, आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) किती ते विचारा.