शब्दचर्चा : समतोल, चौरस, सकस की पौष्टिक? आहाराच्या सूचना मराठीत लिहिताना

रानजाई :
अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसाठी एक चारपानी पत्रक मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. आधार आहे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक सूचनांचा. पहिल्या १९९८च्या, मग २०११मध्ये सुधारलेल्या, आणि आताच्या मे २०२४मधल्या. एकूण १७ सूचना आहेत. मजकूर काही अवघड नाही, पण शब्दापाशी गाडी अडते.

पहिलीच सूचना म्हणजे वेगवेगळे पदार्थ खा, आहार ‘बॅलन्स्ड’ ठेवा. आता तो संतुलित म्हणू, समतोल, चौरस, सकस की पौष्टिक? माझ्याआधी कोणीतरी केलेल्या मसुद्यात एकाच पानावर हे पाचही शब्द आहेत, जणू सगळ्यांचा अर्थ एकच. शिवाय ‘मिलेट्स’, ‘पल्सेस’, ‘पोर्शन’ आणि ‘अल्ट्रा प्रोसेस्ड’ यांना काय म्हणावं? शब्दकोशातले प्रतिशब्द माहीत आहेत. बायका घरात काय बोलतात ते हवंय.

पदरव :
‘संतुलित’ हिंदीच्या वाटेने आला असं म्हणतात, पण तो आता मराठीत रुळलाय, त्याच्याशी भांडण नको. आमच्या शाळेच्या पुस्तकात ‘समतोल आहार’ होता. माझं मत मात्र ‘चौरस’ला. राज्य सरकारची आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठीची अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे ना, २०१५पासूनची, तिच्यात शब्दच ‘एक वेळचा चौरस आहार’ असा आहे. भाकरी-पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. म्हणजे तुमच्या सेविकांच्या कानावर हा शब्द आधीच आहे.

एक खुलासा. ‘चौरस म्हणजे चार रस’ अशी फोड काही व्याख्यानांत ऐकलीय. ती हौशी आहे. मूळ संस्कृत ‘चतुरस्र’, चार कोन असलेला. त्यात रसाचा काही संबंध नाही, आणि आयुर्वेदात रस चार नाहीत, सहा आहेत. चरकाने सगळे रस खात राहणं बलकारक आणि एकच रस खात राहणं दौर्बल्यकारक म्हटलंय. पहिल्या सूचनेच्या जवळ जाणारं वचन हवं असेल तर ते घ्या, ‘चौरस’च्या मानगुटीवर चार रस बसवू नका.

कारल्याचा वेल :
मी आहारतज्ज्ञ आहे, रोज बाह्यरुग्ण विभागात बसते. कळकळीने सांगते, ‘पौष्टिक’ हा शब्द पत्रकातून काढाच.

आपल्याकडे पौष्टिक म्हणजे डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, साजूक तूप, बदामाचा शिरा. बाळंतिणीला, हडकलेल्या मुलाला, आजारातून उठलेल्याला द्यायचं ते. पौष्टिक म्हणजे अंगी लागणारं. मधुमेहाच्या पेशंटला ‘पौष्टिक खा’ म्हटलं की पुढच्या खेपेला वजन वाढवूनच येतो, आणि वर सांगतो, “मॅडम, तुम्हीच तर म्हणालात!” त्याचं काय चुकलं? शब्दाचा त्याने घरचा अर्थ घेतला.

‘पथ्य’ची तऱ्हा याच्या उलट. ते फक्त आजाऱ्याने पाळायचं, आणि औषध संपलं की सुटतं. धडधाकट माणसाला पथ्य सांगा, तो म्हणेल मला काय झालंय. ‘डाएट’चंही तेच झालंय. ‘ती डाएटवर आहे’ म्हणजे ती जेवत नाही. राष्ट्रीय सूचना तर निरोगी माणसांसाठी आहेत, रोजच्या जेवणाच्या. त्यामुळे या तिघांपैकी एकही चालणार नाही.

तिफण :
सकस! याहून चांगला शब्द नाही. सोन्याचा कस, जमिनीचा कस, तसा अन्नाचा कस. शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि विरुद्ध शब्द आयता मिळतो : निकस. पुड्यातले कुरकुरीत तुकडे पोट भरतात पण निकस असतात, एवढं म्हटलं की झालं. ‘असंतुलित’ म्हणून बघा कोणी ऐकतंय का.

पदरव :
तिफण, मान्य, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. सकस हा एकेका पदार्थाचा गुण. चौरस हा पूर्ण ताटाचा. अंडं सकस आहे, पण नुसती अंडी खाल्ली तर आहार चौरस होत नाही. पत्रकात दोन्ही ठेवा, मात्र आपापल्या जागी.

कळणा :
‘पल्सेस’ला डोळे झाकून ‘कडधान्ये’ लिहू नका. आमच्या खानदेशात (आणि मला वाटतं सगळीकडेच) कडधान्य म्हणजे सालासकट अख्खं, मटकी, चवळी, मूग, ज्याची उसळ होते ते. तूरडाळ ही ‘डाळ’, तिला कोणी कडधान्य म्हणणार नाही. सेविकेने ‘कडधान्य खा’ सांगितलं तर बाई म्हणेल, आमच्याकडे मोड आणायला वेळ नसतो, आणि घरातलं वरण हिशेबातच धरणार नाही. ‘डाळी आणि कडधान्ये’ असं जोडून लिहा. द्विदल वगैरे वनस्पतिशास्त्राच्या तासाला.

त्यातच ते धान्य-डाळीचं प्रमाण येतं ना, तीनास एक? हे शिकवायला तक्ता लागत नाही. आमच्याकडे ज्वारीत काळे उडीद घालून दळतात, तो कळणा. त्याची भाकरी आणि ठेचा. माझ्या आजीला प्रथिनं हा शब्द माहीत नव्हता, पण गिरणीवाल्याला ती अचूक सांगायची, “तीन पायलीला एक.” पत्रकात कळणा, भाजणी, मिश्र डाळींचं धिरडं यांची नावं घाला. वर्गवारीचं नाव विसरलं जातं, पदार्थाचं नाही.

तिफण :
मिलेट्सबद्दल. ‘भरड धान्य’ हा ‘कोअर्स ग्रेन’चा सरकारी अनुवाद. मराठीत भरड म्हणजे जाडसर दळलेलं, आणि भरड जमीन म्हणजे हलकी, मुरमाड. म्हणजे नावातच कमीपणा. केंद्राने २०१८मध्ये अधिसूचना काढून त्यांना इंग्रजीत ‘न्यूट्री-सीरियल्स’ केलं, त्याचं आपल्या कृषी खात्याने ‘पौष्टिक तृणधान्ये’ केलं (कारल्याच्या वेलांनी कपाळावर हात मारला असेल), आणि २०२३च्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ आलं. पाच वर्षांत तीन बारशी! ज्वारी आपली शेतात तीच.

माझं म्हणणं, छत्रीसारखा शब्दच नको. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा लिहा. भागाप्रमाणे बदला : कुठे नाचणी, कुठे नागली. भगर म्हटलं तर मराठवाड्यात कळेल, कोकणात वरी किंवा वऱ्याचे तांदूळ.

कारल्याचा वेल :
मारला, दोन्ही हात मारले.

‘भाजी’ या शब्दाचाही सापळा आहे. आपल्याकडे पोळीबरोबर जे येतं ते सगळं भाजीच : बटाट्याची, मटकीची, पिठल्याला पर्याय म्हणून शेवेचीसुद्धा. “रोज भाजी खाता का?” विचारलं की शंभरातले शंभर हो म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, पण त्यात बटाटा, रताळं, कसावा धरत नाही. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. म्हणजे आपला एकादशीचा सगळा फराळ या हिशेबाबाहेर गेला. हैदराबादच्या संस्थेने सुचवलेल्या ताटात तर भाज्या-फळांनी अर्धं ताट व्यापलेलं आहे, दोन हजार कॅलरींच्या हिशेबात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम. म्हणून पत्रकात नुसतं ‘भाजी’ नको. ‘पालेभाजी’, ‘फळभाजी’, ‘शेंगा’ असं सुटं लिहा आणि ‘बटाट्याची भाजी यात धरू नका’ हे ठळक टाका. नाहीतर शब्द बरोबर आणि ताट चूक.

माडाची सावली :
पोर्शनला मराठी पाककृतींमध्ये ‘वाढणी’ वापरतात, छान आहे. पण वाढणी म्हणजे किती, हे वाढणाऱ्यावर! आमच्या गोव्यात लग्नातली भाताची वाढणी बघितलीत तर संस्थेचे शास्त्रज्ञ राजीनामे देतील. ‘वाटी’ घ्या. मात्र कच्चं की शिजलेलं हे प्रत्येक ओळीत सांगा. दिवसाची २५० ग्रॅम धान्यं आणि ८५ ग्रॅम डाळी (किंवा त्याऐवजी अंडी, मांस-मासे) ही मापं कच्च्याची आहेत. लोक शिजलेला भात तोलतील आणि उपाशी राहतील.

आणि एक : ‘मांसाहार’च्या जागी आमच्यासाठी ‘मासे’ असं वेगळं लिहा हो. आमच्याकडे बुधवारी मासे खाणारा माणूस ‘आज मांसाहार केला’ असं कधीच म्हणत नाही.

पदरव :
‘अल्ट्रा प्रोसेस्ड’साठी ‘अतिप्रक्रियायुक्त’ हा शब्द उच्चारताना दातात अडकतो, आणि फसवाही आहे. दळणं, कांडणं, वाळवणं, आंबवणं हीसुद्धा प्रक्रियाच. बाईला वाटेल पापड-कुरडयांवर बंदी आली. ही वर्गवारी मुळात ब्राझीलमधली, साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांच्या गटाची. त्यांचा रोख कारखान्यात घटक सुटे करून, रंग-वास-स्वाद घालून परत जुळवलेल्या मालावर आहे. ब्राझीलने २०१४मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना याच धर्तीवर लिहिल्या. पत्रकात ‘कारखान्यात बनवलेलं तयार खाणं’ म्हणा आणि कसोटी द्या : पुड्यावरच्या घटकांत घरच्या स्वयंपाकघरात नसणारी नावं दिसली, तर पुडा परत ठेवा.

रानजाई :
सगळ्यांचे आभार. पहिल्या पानाचा मसुदा असा झालाय :

“ताट चौरस हवं. अर्धं ताट पालेभाजी, फळभाजी, शेंगा आणि फळांचं. बटाट्याची भाजी यात धरू नका. उरलेल्या अर्ध्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू किंवा तांदूळ, आणि सोबत डाळ, उसळ, अंडं किंवा मासे. दूध किंवा दही, मूठभर शेंगदाणे-तीळ-जवस. कारखान्यात बनवलेलं तयार खाणं निकस, ते टाळा. मीठ एका माणसाला दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा. लोणचं, पापड आणि चटणीतलं मीठही यातच.”

वर शीर्षक ‘मार्गदर्शक तत्त्वे’ असं होतं, ते काढलं. त्याने नागरिकशास्त्राचा धडा आठवतो. ‘रोजचं जेवण : काही सूचना’ केलं.

कळणा :
झकास. फक्त मिठाचा ‘सपाट चमचा’ करा. नुसतं चमचा लिहिलंत तर आमच्याकडे शीग लावून घालतील.