गिनी पिगची घरघर : बेळगावात कुणाला दाखवू? (बजेट २ हजार)

कुंदामांडा | रविवार, रात्री ९:४०
मंडळी, टिळकवाडीत राहतो. घरात दोन गिनी पिग आहेत, कुंदा आणि मांडा. नावं मुलीनं ठेवली, बेळगावच्या गोड पदार्थांवरून. एक भाजलेल्या खव्याच्या रंगाचा, दुसरा पांढरट चपटा.
बुधवारपासून कुंदा शिंकतोय. काल नाकाच्या कडेला पिवळी खपली दिसली. पुढच्या पायांचे आतल्या बाजूचे केस चिकट झालेत, सारखं नाक पुसतोय. रात्री कानाजवळ धरला तर श्वासात बारीक घरघर, जुन्या पेटीचा भाता ओढल्यासारखी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मागच्या रविवारी ८२० ग्रॅम भरला होता, आज ७६०. पेलेट हुंगतो आणि सोडतो. कोथिंबीर तेवढी थोडी खाल्ली.
खाली वखारीतला भुसा घालतो. सहा दिवस पाऊस थांबलेला नाही. शेजारच्या पिंजऱ्यात ससा आहे, तो ठणठणीत.
बेळगावात कुत्र्या-मांजरांपलीकडचं कुणी बघतं का? आणि घरात काय आणून ठेवू? सगळं २,००० च्या आत बसवायचंय. शाळा आत्ताच सुरू झाल्यात, वह्या-छत्र्यांत खिसा धुतला गेलाय.

निपाणीकर | ९:५२
नेब्युलायझर घ्या. बाकी काही विचारू नका. आमच्या मांजरीला दमा होता, ४,२०० चा घेतला, आज तीन वर्षं झाली, घरात सर्दी झाली की आम्ही पण वापरतो. स्वस्तातला घेऊ नका, आवाजानंच जनावर घाबरतं.

कुंदामांडा | ९:५५
बजेट २ हजार आहे हो साहेब.

निपाणीकर | ९:५६
आरोग्याला बजेट नसतं.

उद्यमबाग_फिटर | १०:०३
भुसा हेच मूळ. मी आमच्या पोराच्या सशासाठी स्वतः स्टेनलेसचा पिंजरा मारला, १६ गेजचा, खाली ट्रे सरकतो, वर जाळी. मटेरियलचेच ९ हजार गेले, मजुरी माझी. एकदा करून घ्या, जन्माचं काम. फोटो हवा असेल तर टाकतो.

चोर्लाघाट | १०:१०
गोव्याला न्या. तिकडं पक्षी, कासव, सगळं बघणारे डॉक्टर आहेत. सकाळी निघालात तर दुपारपर्यंत परत.

खानापूरचा_पाहुणा | १०:१४
या पावसात चोर्ला घाटातून? दमेकरी उंदराला घेऊन? धुक्यात माणसालाच पुढचं दिसत नाही. कोल्हापूर बरं, हायवे आहे.

चोर्लाघाट | १०:१५
तो उंदीर नाही. आणि हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते बघून बोला.

मिरजमावशी | १०:३१
अरे एवढं काय घाबरायचं. फ्रिजमध्ये मुलीचं सर्दीचं गुलाबी सिरप असेल बघ, ते अमॉक्सिसिलिनवालं. दोन थेंब पाज सकाळ-संध्याकाळ. आमच्या बोक्याला मी तेच दिलं होतं, तिसऱ्या दिवशी कौलावर. आणि छातीला थोडा बाम चोळ.

उद्यमबाग_फिटर | १०:३८
हा घ्या फोटो. वेल्डिंग बघा.

सीमावासी | १०:४४
शहराचं नाव बेळगावच लिहिलंत, बरं वाटलं. हल्ली आपलीच पोरं बेळगावी लिहायला लागलीत.

गणपतगल्ली | १०:४९
२०१४ च्या १ नोव्हेंबरपासून कागदोपत्री बेळगावीच आहे. लिहिलं तर काय बिघडलं?

सीमावासी | १०:५०
कागदोपत्री. बरोबर बोललात. कागदोपत्रीच.

बिदरला_शिकते | ११:०२
वरचा सिरपचा सल्ला ताबडतोब विसरा!! पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, गिनी पिगला तोंडावाटे द्यायची नसतात. आतड्यातले कामाचे जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो, त्याचं विष भिनतं आणि सर्दीनं न गेलेला प्राणी औषधानं जातो. क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिनही तसंच. बोक्याला चालतं ते याला चालत नाही. बामही नको. हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे नाकानं श्वास घेतो, त्याच नाकाजवळ असली तीव्र वासाची गोष्ट कशाला?
मी पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही. पण वजन ६० ग्रॅम उतरणं आणि खाणं सुटणं ही सर्दी नाही, न्यूमोनियाकडं जाणारी वाट आहे. उद्या सकाळीच दाखवा, कुणालाही. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला किंवा बरगड्या आत ओढायला लागला, तर सकाळचीही वाट बघू नका.
आणि ससा वेगळ्या खोलीत हलवा. बॉर्डेटेला नावाचा जंतू ससा आणि कुत्रा स्वतः आजारी न पडता बाळगतात, गिनी पिगला मात्र तोच लोळवतो.

मिरजमावशी | ११:०९
आमच्या वेळी एवढी नाटकं नव्हती. बोका चौदा वर्षं जगला.

निवृत्त_मास्तर | ११:२०
विषय निघालाच आहे तर सांगतो. या प्राण्याला, माणसासारखंच, शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये गिनी पिगना नुसतं धान्य घातलं आणि त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क च्या अभावानं होणारा रोग, झाला. मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, दरवर्षी हे सांगायचो. पेरू देशातला प्राणी आणि औषध पेरूच! पोरं हसायची. लिंबाच्या जवळजवळ चौपट क जीवनसत्त्व पेरूत असतं.

चोर्लाघाट | ११:२४
पेरूत लोक गिनी पिग भाजून खातात, तेही सांगा मास्तर.

कुंदामांडा | ११:२५
कृपया. मुलगी शेजारी बसून वाचतेय.

बिदरला_शिकते | ११:३३
मास्तरांचं बरोबर आहे. पण पेरूची एक बारीक फोड पुरे, साखर जास्त असते. रोजच्यासाठी ढोबळी मिरची. निरोगी प्राण्याला दर किलोमागं दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम क लागतं, आजारपणात ५० पर्यंत जातं, किती ते डॉक्टर ठरवतील. गोळी पाण्याच्या बाटलीत विरघळवू नका, तिथं ते टिकत नाही आणि चव बदलली की पाणी पिणंच सोडतात.
तोवर पेलेट कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा. १ मिलीची सिरिंज, सुई काढून, समोरून नाही, ओठाच्या बाजूनं दातांमागं. एक घोट, चावू द्या, मग दुसरा. घाई केली तर फुप्फुसात जातं. याचं पोट सतत चालू राहावं लागतं. अर्धा दिवस उपाशी राहिला तर आतडी थांबतात आणि मग श्वासाचं राहिलं बाजूला.

निपाणीकर | ११:४०
हेच मी म्हणत होतो. नेब्युलायझर.

अक्का_शहापूर | सोमवार, सकाळी ६:१५
पिंजरा घरात कुठं आहे हो तुमचा? देवघर कुठं आहे?

कुंदामांडा | ६:२२
हॉलमध्ये, देवघराच्या खालीच. का?

अक्का_शहापूर | ६:३१
मग की. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल, आणि पावसामुळं खिडक्या बंद. माझ्या पिंजऱ्यातला पोपट असाच गेला. सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं नाही मी, अजून सलतंय.
खाली नाक लावून बघा, तुम्ही उभं राहून नाही, पिंजऱ्याच्या तळाशी. मुतानं ओला झालेला भुसा या हवेत वाळतच नाही, डोळ्याला झोंबणारा वास येतो. तो वास चोवीस तास त्याच्या नाकात. भुसा टाकून द्या, जुन्या सोलापुरी चादरीचे चौकोन कापून घाला, रोज बदला, धुवा. पैसा लागत नाही. वाळवायचं तेवढं संकट.

उद्यमबाग_फिटर | ७:०५
ट्रे असता तर बदलायला सोपं गेलं असतं.

खानापूरचा_पाहुणा | ७:४०
भुसा काढा, ससा हलवा, कोल्हापूर गाठा. आणि भाताचं पिंजर घालत असाल तर तेही बंद, धूळ फार. हिरवी हरळी घाला, गणपतीच्या जुड्यांना काढतो तसली, झटकून, पाणी निथळून.

गणपतगल्ली | ८:१०
भुसा बदला हे कुणी सांगितलं का? भुसा बदला.

कुंदामांडा | गुरुवार, रात्री ८:५०
सगळ्यांना उत्तर देणं झालं नाही, माफ करा.
गोव्याला गेलो नाही, कोल्हापूरलाही नाही. नेब्युलायझर घेतला नाही. सोमवारी सकाळी सरळ गुरांच्या दवाखान्यात गेलो. पुढं एक म्हैस, मागं दोन शेळ्या, मधे मी बुटाच्या खोक्यात कुंदाला घेऊन. शेळीवाल्या बाईनं खोक्यात वाकून बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली, सगळी रांग हसली. डॉक्टर पण आधी हसलेच. मग नळी लावली, ती कुंदाच्या अख्ख्या छातीएवढी होती. म्हणाले, असला पेशंट कॉलेजनंतर पहिल्यांदाच. माझ्यासमोर त्यांच्या बॅचमेटला फोन लावला, दहा मिनिटं बोलले, वजन विचारलं, दोनदा हिशेब केला आणि एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक तोंडावाटे लिहून दिलं. मी सिरपचं विचारलं, तर हात जोडून म्हणाले, ते नको. बिदरच्या ताई, तुमचे उपकार.
धूप, कॉइल बंद. आई दोन दिवस बोलली नाही, आता गॅलरीत उदबत्ती लावते. अक्का, तुमच्या सांगण्यावरून तळाशी नाक नेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं मी वरूनच बघत होतो. चादरीचे बारा चौकोन केलेत, इस्त्रीनं वाळवतोय.
ससा द्यायचा नाही म्हणून मुलीनं जेवण सोडलं, त्यामुळं तो घरातच आहे, मागच्या खोलीत, त्याचं वेगळं भांडं, आधी गिनी पिगचं काम, मग त्याचं, हात धुऊन. मांडा कुंदाजवळच ठेवलाय, डॉक्टर म्हणाले, तसाही एकत्रच होता, त्याच्यावर नजर ठेवा.
आजचं वजन ७७० आहे. घरघर आहे, पण कान टेकवल्याशिवाय ऐकू येत नाही. औषध अजून सहा दिवस. रिक्षासकट खर्च ६४० रुपये. काल संध्याकाळी फ्रिज उघडला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पिंजऱ्यातून कुंदाची शिट्टी आली.

बिदरला_शिकते | ९:०५
बरा दिसला तरी औषध मध्येच सोडू नका. वजन रोज, त्याच वेळी, लिहून ठेवा.

निपाणीकर | ९:१२
पुढच्या पावसाळ्यात घ्याल.

मिरजमावशी | ९:२०
बामानं काही झालं नसतं.

उद्यमबाग_फिटर | ९:३१
उरलेला भुसा टाकला का? कोरडा असेल तर मला हवाय, कामावर सांडलेल्या तेलावर टाकायला. मी येऊन नेतो. पिंजऱ्याचं माप पण घेऊन जाईन.