व्हास्टेलऑव्हंट: मधला ‘ल’ कुठून आला?

खडीसाखर: आम्ही नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला असतो. लेकीच्या नाचाचं आमंत्रण सासूबाईंसाठी मराठीत करताना ‘व्हास्टेलऑव्हंट’वर, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या नावावर अडले. शब्द लिम्बुर्गिश (बोली म्हणू नका, इथले चिडतात, १९९७पासून मान्यताप्राप्त प्रादेशिक भाषा आहे). मी ‘शिमगा’ लिहिलं, नवरा म्हणतो साफ चूक. शेजारच्या आजी सांगतात, ‘व्हास्ट’ म्हणजे उपास, ‘ऑव्हंट’ म्हणजे संध्याकाळ. मग ‘ल’ कुठला?

चकलीबंद: राखेच्या बुधवारी (ऍश वेन्स्डे) ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास लागतो, त्याची ही आदली रात्र. डचमध्ये ‘व्हास्टेनआव्हंट’ आहेच. शब्दात ‘न’, ‘म’ असे दोन अनुनासिक आले की कधीकधी एकाचा ‘ल’ होतो. आपल्याकडे निंबाचा लिंब झाला तसं.

नांगरधारी: आणि लांगलाचा नांगर झाला, म्हणजे उलटंही होतं! जर्मन ‘फाझेल्न’ म्हणजे बरळणं. मुळात बरळायची रात्र असणार, उपास चर्चने मागाहून चिकटवला.

चकलीबंद: गोड आहे, पण ‘स’नंतरचा ‘ट’ कुठून आणाल?

नांगरधारी: स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे लोक याच सणाला ‘फासनाख्ट’ म्हणतात. तिथे ‘स’नंतर ‘ट’ दाखवा.

चकलीबंद: झिजला. बोलून बघा ना भरभर.

पेडणेकर: आमच्या गोव्यात हाच सण ‘इंत्रूज’. पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ प्रवेश, म्हणजे उपासाच्या दिवसांत प्रवेश. शिमगो वेगळा हं, तो म्हणालात तर दोन्हीकडचे मारतील.

तांबडारस्सा: उपास लागायच्या आत खाऊनपिऊन घ्यायचं. गटारी लिहा की सरळ!

अनुस्वार: शुद्ध शब्द ‘गताहारी’ आहे. गटारात लोळण्यावरून सणाला नाव देतं का कोणी?

तांबडारस्सा: आमच्या आजोबांनी जन्मात गताहारी म्हटलं नाही, बोकड मात्र दरवर्षी आणला. आणि गताहारी म्हणजे आहार गेलेला ना? त्या दिवशी तर ताटात जागा नसते.

अनुस्वार: दीप अमावस्या म्हणा मग. तुमच्यासारख्यांमुळेच भाषा...

खडीसाखर: अहो, आमंत्रण उद्या जायचंय! ‘गटारी’ वाचून सासूबाई नातीला नाचूच देणार नाहीत. त्यात इथे राखेच्या बुधवारी हेरिंग खातात, तेही त्यांना सांगून बसलेय.

अनुस्वार: उपासाला मासा?

पेडणेकर: चालतो, मांस वर्ज्य. पण हेरिंगला मराठीत काय म्हणाल? तारलीच ना?

तांबडारस्सा: तारली नव्हे. तारलीला काटे किती बारीक असतात, खाल्लीय का कधी?