मुक्त विद्यापीठवाल्यांनी वकिलीचं काय घोडं मारलंय?

निशाणी_पाच

कालपासून एक पोस्ट फिरतेय. दोघा-तिघांनी ती मलाच पाठवली, म्हणून सविस्तर उत्तर लिहितोय. पोस्टचा मथितार्थ असा: पदवीनंतरचा तीन वर्षांचा एल.एल.बी. बंद करून बारावीनंतरचा पाच वर्षांचाच ठेवा; ते जमत नसेल तर निदान पदवीच्या गुणांची अट 45 टक्क्यांवरून 60 वर न्या आणि मुक्त विद्यापीठाच्या पदव्या दारातच नाकारा, म्हणजे कोर्टातली निरुपयोगी गर्दी हटेल.

मी तालुका कोर्टात पंधरा-सोळा वर्षं वकिली करतोय. पदवीच्या टक्क्यांवरून वकील ओळखता आलेला मी अजून पाहिलेला नाही. बी.एस्सी.ला डिस्टिंक्शन असलेला माणूस उलटतपासात साक्षीदारालाच उत्तर सुचवतो आणि काठावर बी.ए. झालेला रोजनामा (कोर्टातली तारखेवारची नोंद) वाचून समोरच्याची चूक पकडतो, हे रोजचं आहे.

आता मुक्त विद्यापीठ. माझ्या ऑफिसात एक ताई काम करतात. दहावीनंतर लग्न झालं, बारावी राहून गेली. मुलं शाळेत जायला लागल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा (बारावी न झालेल्यांसाठीची) दिली, मग बी.ए. केलं, गुणही चांगले. दाव्याच्या मिळकतीची चतुःसीमा टाईप करताना सातबारा आणि मोजणी नकाशा शेजारी ठेवून ताडून बघायची त्यांची सवय आहे. गेल्या वर्षी माझ्या ज्युनियरने पूर्व-पश्चिम उलटी टाकली होती, ती यांनीच पकडली. तशीच दाखल झाली असती तर दुरुस्तीच्या अर्जात सहा महिने गेले असते. त्यांनी एल.एल.बी.ची सीईटी दिली, गुण उत्तम आले, आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कागदपत्र तपासणीत अपात्र ठरल्या. कारण एकच, बारावीचं मार्कशीट नाही.

तपासणाऱ्यांचा दोष नाही. बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या संस्थेच्या) 2008 च्या नियमांत पाचव्या नियमाखालीच लिहिलंय की मूळ शिक्षण (इथे बारावी) नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी चालणार नाही. म्हणजे त्याच पदवीवर यूपीएससी देऊन कलेक्टर होता येतं, पण कलेक्टरसमोर अपील चालवायला वकील होता येत नाही! आणि ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ आहे, ते यशवंतराव स्वतः 1941 साली एल.एल.बी. होऊन कराडात वकिली करत होते. दार आधीच बंद आहे, त्याला अजून कडी कशाला लावताय?

फोर्टातला_वकील

ती पोस्ट माझी आहे आणि मी त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

तुमच्या ऑफिसातल्या ताई हुशार असतील. नियम एका माणसाकडे बघून करत नाहीत. आज राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, पदवीला खुल्या गटात 45, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के पुरतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये बार कौन्सिलला नव्या लॉ कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घालावी लागली, ती उगीच नाही.

याची किंमत पक्षकार मोजतो. माझ्या मामांचा वाटपाचा दावा जिल्हा कोर्टात होता. त्यात एक प्रतिवादी वारला. त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात, हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मामांच्या वकिलाने काहीच केलं नाही. दावा त्याच्यापुरता अबेट झाला, म्हणजे आपोआप संपला. तो आदेश रद्द करून घ्यायचा अर्जही मुदतीबाहेर, मग विलंबमाफीचा अर्ज, मग त्यावर तारखा. मामा त्या तारखांतच गेले. मी तेव्हा शिकत होतो. दर वेळी ते मला विचारायचे, "वकिलाला हे माहीत नव्हतं का रे?" काय उत्तर देणार होतो मी? तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्याच्या हातात लोकांची जमीन आणि जामीन आहे, त्याची चाळणी आधी लागलीच पाहिजे.

जिंतूरकर

60 टक्के म्हणे. कुठल्या विद्यापीठाचे 60, तेही सांगा. आमच्याकडे बी.ए.ला साठ पडले तर कॉलेजात पेढे वाटतात, आणि काही खासगी विद्यापीठांत साठच्या खाली कुणी जातच नाही. दोघांना एकाच पट्टीने मोजणार?

शिवाय राज्याची सीईटी निदान मराठीतून सोडवता येते. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) फक्त इंग्रजीत, खुल्या गटाला फी चार हजार. 1998 पासून तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. तिथे कैफियत मराठीत, साक्ष मराठीत, आणि चाळणी मात्र इंग्रजीची? माझा पहिला युक्तिवाद मी मराठीत केला, जज्जसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मनाई हुकूम मिळाला.

सकाळचीलोकल

टक्के, सीईटी, सगळं नंतर. खरी अडचण 70 टक्के हजेरीची आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

मी सरकारी नोकरीत आहे. 52 टक्क्यांनी बी.कॉम., सीईटी पास, प्रवेशही झाला. पण नियमाने लॉ कॉलेजचे वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळात घ्यायचे. डोंबिवलीहून ऑफिस गाठणारा माणूस आठ ते सातमध्ये कुठे असतो? लोकलमध्ये नाहीतर टेबलाशी! पूर्वी संध्याकाळच्या वर्गांतून कितीतरी कारकून, शिक्षक, गिरणीतले लोक वकील झाले. तो रस्ता नियमाने बुजवला. 2024 च्या सप्टेंबरात आणखी परिपत्रक आलं: बायोमेट्रिक हजेरी, वर्गात सीसीटीव्ही, नोकरी असेल तर मालकाचं ना-हरकत.

आणि याचा परिणाम काय? ज्या कॉलेजात मी होतो (नाव घेत नाही) तिथे हजेरी कमी पडली की "विकास निधी" भरा, पत्रक दुरुस्त होऊन येतं. मी पैसे भरले नाहीत, एक सत्र गेलं. माझ्या बाकावरचा भरून मोकळा झाला.

विधीशिक्षिका

सकाळचीलोकल, पैसे घेऊन हजेरी लावणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तो गुन्हा आहे, तक्रार करा. पण हजेरीची अटच चुकीची, हे मला मान्य नाही.

मी कायदा शिकवते. साठांच्या वर्गात अकरा जण समोर असतात. पुराव्याच्या कायद्यात मृत्यूपूर्व जबाब शिकवायचा, तर नुसतं कलम वाचून कळत नाही. प्रश्न विचारावे लागतात, कुणीतरी चुकीचं उत्तर द्यावं लागतं, मग दुसऱ्याने खोडावं लागतं. अकरांत ते होत नाही. बाकीचे परीक्षेआधी पंधरा दिवस गाईड घेऊन येतात आणि उद्या सनद (वकिलीचा परवाना) घेऊन कुणाचा तरी जामीन मागायला उभे राहतात. फोर्टातल्या वकिलांच्या मामांचा वकील याच रस्त्याने आलेला असणार.

सकाळचीलोकल

"असणार" म्हणजे? माहीत नसताना नोकरी करणाऱ्यांवर कसं ढकलता, मॅडम? तुमच्या वर्गात अकरा जण का बसतात, हे कधी स्वतःला विचारलंत? आम्हाला वर्षभर बेअर ॲक्ट (कायद्याची नुसती कलमं) वाचून दाखवला. मी ऑफिसात विभागीय चौकशीच्या फायली हाताळतो. आरोपपत्र, साक्षी, चौकशी अहवाल, सगळं. नैसर्गिक न्याय मला त्या वर्गापेक्षा माझ्या टेबलावर जास्त कळला.

आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलंच आहे की हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवता येणार नाही. तेव्हा तुमचे अकरा आता सात होतील.

विधीशिक्षिका

तो निकाल कशावरून आला, ते विसरू नका. हजेरीच्या कारणाने परीक्षेला बसू न दिलेल्या एका मुलाने 2016 साली आत्महत्या केली होती. त्याचा वापर वर्गात न येण्याचं समर्थन म्हणून करू नका. मला ते वाचून फार वाईट वाटलं. माझ्यासमोरही हजेरीसाठी रडणारी मुलं बसलेली आहेत.

आणि बेअर ॲक्ट वाचून दाखवणारे शिक्षक आहेत, हे खरं. तासिका तत्त्वावर चार कॉलेजांत धावणारा माणूस तयारी कधी करणार? कायम पदं भरा, मग आमच्याकडे बोट दाखवा.

सकाळचीलोकल

हे पहिल्यांदा बोलायचं होतं. शिक्षकांचा प्रश्न मला मान्य आहे. पण मग संध्याकाळी सात ते साडेनऊ वर्ग का नकोत, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. आम्ही हजेरी टाळत नाही, वेळ मागतोय. नोकरीत असेपर्यंत सनद मिळत नाही, तेही मान्य. निवृत्तीनंतर घेईन. निदान शिकू तरी द्या.

विधीशिक्षिका

संध्याकाळच्या वर्गांना माझा विरोध नाही. पूर्ण तास होणार असतील तर मी स्वतः येईन शिकवायला. पण पूर्वी बऱ्याच ठिकाणी ते वर्ग फक्त कागदावर चालायचे, म्हणून नियम आला, हेही लक्षात घ्या.

एक_आई_ठाणे

हजेरीवरून भांडण झालं असेल तर मूळ प्रश्नावर बोलू का? तीन वर्षांचा बंद करून सगळ्यांनी बारावीनंतर पाच वर्षांचाच करावा, हे म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी बघितली आहे का? वर्षाला लाखांत जाते. माझ्या मुलीला क्लॅटमध्ये जागा मिळत होती, आम्ही सोडली. ती आता बी.ए. करतेय आणि तीन वर्षांच्या सीईटीची तयारी करतेय. सतराव्या वर्षी ज्याच्या घरी पैसा नाही त्याने कधीच वकील होऊ नये का?

निशाणी_पाच

आई, अगदी बरोबर. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सगळे बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं नाव घेतात. तिथे 1988 मध्ये पहिली तुकडी बसली. त्याच विद्यापीठाने 2022 पासून तीन वर्षांचा एल.एल.बी. सुरू केलाय. पदवीनंतर येणाऱ्या माणसाची किंमत त्यांना कळली, आपल्याला का कळू नये?

फोर्टातले वकीलसाहेब, तुमच्या मामांचं वाचून मन खट्टू झालं. 90 दिवसांत वारस न लावणारा वकील मीही पाहिलाय, आणि अशा माणसाला माफी नाही, हे मान्य. पण एक विचारतो. त्यांना पदवीला किती टक्के होते? बारावी झालेली होती का?

फोर्टातला_वकील

टक्के मला माहीत नाहीत. बारावी, पदवी, सगळं रीतसर झालेलं होतं. गावात नाव होतं त्यांचं. पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. चाळणी बारीक असती तर असे कमी आले असते.

निशाणी_पाच

तुमच्या चाळणीतून ते आलेच असते, साहेब! मुदतीचं भान बारावीत शिकवत नाहीत. ते सीनियरच्या हाताखाली, डायरी लिहिताना येतं. चाळणी लावायचीच तर शेवटी लावा. एल.एल.बी.नंतरची बार परीक्षा आहेच, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2023 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तबही केलंय. ती अवघड करा, माझा पाठिंबा. न्यायाधीश होण्यासाठी सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये तीन वर्षांची प्रॅक्टिस सक्तीची केली. तिथे पदवीचे टक्के वाढवले नाहीत, कामाचा अनुभव मागितला. वकिलांनाही सनदेआधी वर्षभर सीनियरकडे बसवा आणि त्याला विद्यावेतन द्या.

जिंतूरकर

विद्यावेतन कोण देणार? आमच्याकडे ज्युनियरला सीनियर चहा पाजतो तेवढंच.

विधीशिक्षिका

निशाणी_पाच, एक दुरुस्ती, कारण वाचणारे घाबरतील. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेल्यांना एल.एल.बी.ला प्रवेश मिळतो. अडचण फक्त पूर्वतयारीवरून आलेल्यांची आहे. तुमच्या ताईंना सांगा, 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून द्या. पदवी आधी आणि बारावी नंतर हा क्रम तीन वर्षांच्या प्रवेशात पुन्हा आडवा येऊ शकतो, पण पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीच्या 45 टक्क्यांवर अर्ज करता येईल. कमाल वयाच्या अटीला सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये स्थगिती दिली, त्यामुळे वय आड येत नाही.

निशाणी_पाच

त्यांच्याशी बोललो. बारावीला तयार आहेत, फॉर्म आणायला सांगितलाय. पण मॅडम, बी.ए. झालेल्या बाईने पुन्हा बारावी करायची आणि मग अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पाच वर्षं बसायचं? दोन मुलं, सासू अंथरुणावर, त्यात तुमची 70 टक्के हजेरी. वाट आहे, नाही म्हणत नाही. पण ती का चालायला लावायची, याचं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही. इंग्रजी, तर्क, सामान्यज्ञान, जे काय तपासायचं ते सीईटीने तपासलं. बारावीच्या कागदाने त्यात काय भर पडते?

फोर्टातला_वकील

बरं. पदवी आहे आणि सीईटीत ठरावीक किमान गुण मिळालेत, अशा माणसाला बारावीसाठी अडवू नये, एवढं मी मान्य करतो. पण सीईटीला किमान गुण हवेतच आणि चुकीला गुण वजा झालेच पाहिजेत. आणि पदवीला 60 नाही तर 55 तरी ठेवा. त्याखाली मी येणार नाही.

निशाणी_पाच

किमान गुण आणि वजाबाकी, दोन्ही चालेल. 55 ला माझा विरोध कायम. जिंतूरकरांच्या पेढ्यांचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.