मदत हवी आहे: बॉयलर फीड पंप तापल्यावर कंपने वाढतात, शिम (पायाखालच्या पातळ धातूच्या पट्ट्या) बदलावेत की आधी पाइपिंग तपासावे?

साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात मी देखभालीचे काम पाहतो. एका बॉयलर फीड पंपाच्या कंपनांविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

बहुटप्पी पंप ९० किलोवॅटच्या दोन पोलच्या मोटरला डिस्क कपलिंगने जोडलेला असून भारावर २९८० आरपीएमने फिरतो. डीएरेटरचे (पाण्यातला विरघळलेला वायू काढणाऱ्या टाकीचे) पाणी १०५ अंशांच्या आसपास असते. बेअरिंग बदलल्यावर लेझरने अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणे) केली, ती अर्थातच पंप थंड असताना. सुरू केल्यावर मोटरच्या कपलिंगकडील बेअरिंगवर आडव्या दिशेने २ मिमी/सेकंदाच्या आत असलेले कंपन पंप पुरता तापला की ५.८ वर जाते. आयएसओ १०८१६-३ (आता आयएसओ २०८१६-३) या कंपनमर्यादांच्या मानकानुसार पक्क्या पायावरील या गटातील यंत्रांना ४.५ च्या पुढे शेवटचा, म्हणजे ‘ड’ विभाग लागतो, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत असेच चालू देणे मला पटत नाही.

सुरुवातीच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, हे दाखवणाऱ्या आलेखात) १०० हर्ट्झजवळ एकच उंच शिखर दिसत होते, आणि त्यावरून कंत्राटदाराने मोटरमध्ये विजेचा दोष धरून ती वाइंडरकडे पाठवण्याचा सल्ला दिला. परंतु कमाल १००० हर्ट्झ आणि ८०० रेषा या मापनाच्या मांडणीत दोन रेषांमधले अंतर १.२५ हर्ट्झ पडते, तर फिरण्याच्या गतीची दुप्पट ९९.३३ आणि वीजपुरवठ्याची दुप्पट १०० हर्ट्झ यांत फरक जेमतेम ०.६७ चा, तेव्हा त्या स्पेक्ट्रमवरून मोटरला दोष देणे घाईचे होते. २०० हर्ट्झ आणि ३२०० रेषा घेतल्यावर दोन्ही शिखरे वेगळी झाली: १०० हर्ट्झचे १.४ थंड असतानाही होते आणि तापल्यावरही तेवढेच राहिले, तर ९९.३३ चे ५.१ पर्यंत वाढले. कपलिंगच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर आडव्या दिशेतला फेजफरक १७० अंश आहे. अक्षीय दिशेत १एक्स (फिरण्याच्या गतीएवढ्या वारंवारतेचे कंपन) फारसे नाही. म्हणजे ऑफसेट प्रकारचे मिसअलाइनमेंट (दोन शाफ्ट समांतर, पण एका रेषेत नाहीत), इथपर्यंत मला शंका वाटत नाही.

अडचण पुढे आहे. पंपाच्या पायापासून शाफ्टच्या केंद्रापर्यंत ३०० मिमी आणि त्या भागाची सरासरी तापमानवाढ ४५ अंश धरली, तर मीटरमागे अंशाला १२ मायक्रॉन या हिशेबाने केंद्र ०.१६ मिमी वर सरकते. मोटरची उंची २८० मिमी व वाढ २० अंश धरल्यास ती ०.०७ मिमी उचलली जाते. उरलेला ०.०९ मिमीचा फरक या गतीला नक्कीच जास्त आहे, आणि मोटरखाली तेवढे शिम वाढवले की प्रश्न मिटावा. पण हा फरक उभ्या दिशेतला, तर कंपन आडव्या दिशेत जास्त. आडवा ताठपणा कमी असल्याने असे होऊ शकते हे मान्य. तरीही डिस्चार्ज पाइप तापून पंपाला बाजूला ढकलत असावा, हा संशय जात नाही, कारण त्या पाइपचा पंपाजवळचा एक स्प्रिंग सपोर्ट पूर्ण दबून खाली टेकलेला दिसतो. मोटरचा सॉफ्ट फूट (एखादा पाय नीट न टेकणे) डायल गेजने तपासला, तो ०.०३ मिमीच्या आत आहे.

माझे विचारणे इतकेच की, पंप बंद करून गरम असतानाच लेझर लावल्यास, जोडणी होईपर्यंत तो निवतो हे लक्षात घेता, आडव्या ऑफसेटचा आकडा कितपत भरवशाचा मानावा? की थंड पंपाचे डिस्चार्ज फ्लँजचे बोल्ट सैल करून कपलिंगवरच्या डायलचे सरकणे पाहणे पुरेसे ठरेल, जरी ताण फक्त तापल्यावरच येत असला तरी? ज्यांनी चालू पंपावर बेअरिंग हाउसिंगचे सरकणे प्रत्यक्ष मोजले आहे, त्यांनी डायलचा स्टँड कशावर टेकवला तेही कृपया लिहावे. आमच्याकडे बेसप्लेटसुद्धा तापते.