घर बदलतोय, मॉडेल रेल्वे आत्ताच सुरू करू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लहानपणापासून मॉडेल रेल्वे करायची फार इच्छा आहे, आता कुठे जमतंय तर दोन-तीन महिन्यांत घर बदलायचंय आणि तिकडे किती जागा मिळेल तेच अजून ठरलेलं नाही. मला एचओ हे माप (१:८७, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या ८७ पट लहान) जास्त आवडतं, डबा हातात घेतला की कसा भरीव वाटतो, पण १८ इंच रेडियसचा साधा गोल करायचा तरी बोर्ड जवळपास ४ फूट रुंद लागतो, तो जिन्यातून न्यायचा कसा? एन हे त्याहून लहान माप (१:१६०) २ फुटांत बसतं. आत्ता नुसतं इंजिन, दोन डबे नि खाली बेस असलेले सुटे ट्रॅक घेऊन जमिनीवरच चालवू, की बोल्टने जोडायचे छोटे मॉड्यूल (रूळ बसवलेले बोर्डाचे सुटे तुकडे) बनवायला घेऊ? हलवल्यावर जोडावरचे रूळ परत नीट जुळतात का? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.